खंडेनवमीची उदबत्ती

आबा,

गुरांच्या दवाखान्यात तुम्ही साधे कर्मचारी होता, पण माण तालुक्यातल्या वस्त्यांवर सगळे तुम्हाला डॉक्टरच म्हणत. गाई भरवण्यासाठी वळूच्या रेताच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या टाकीत असत, ती टाकी तुम्ही खंडेनवमीला घरी आणायचात. अजून दिसतं मला. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही टाकीला हळद-कुंकू लावताय. "आवं, बैल पुजायचा सोडून बरणी काय पुजताय?" "बैलच हाय की गं! धा बैल हाइत ह्यात." एका वर्षी आतला पांढरा धूर बघायला मी झाकण काढलं आणि परत नीट लावलंच नाही. दोन दिवसांनी कळलं तोवर नायट्रोजन उडून सगळ्या कांड्या वाया गेल्या होत्या. त्या नेमक्या कधी खराब झाल्या कळेना, म्हणून तुम्ही त्या दोन दिवसांत भरवलेल्या प्रत्येक गाईच्या मालकाकडे सायकलवरून गेलात. "चूक माझ्याकडनं झालीया, गाय उलटली, पुन्हा माजावर आली, तर मला सांगा." माझं नाव कुठेच घेतलं नाहीत.

आता मी लोणंदजवळच्या एका प्रयोगशाळेत आहे. गाईची अंडी काढून बशीत फळवायची, सात दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढवायची आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या गाईच्या पोटात ठेवायचा, हे माझं काम. या गर्भांना वास सोसत नाही, म्हणून अत्तर, गजरा, पावडर मीच बंद केलीय. आणि तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला तुमची आठवण आली म्हणून इन्क्युबेटरपुढे उदबत्तीही मीच लावली. एकच. "मॅडम, आमचा गजरा न्हाई चालत, आन् तुमची उदबत्ती चालती व्हय?" मदतनीस मुलगी हसून म्हणाली. मीही हसले.

दोन दिवसांत आतले सगळ्याच गाईंचे गर्भ वाढायचे थांबले. बाकीच्यांची अंडी पुन्हा काढता आली. पण दहिवडीकडच्या एका शेतकरी मामांची खिलार गाय म्हातारी होती, तिची ती शेवटची अंडी. तिचं एक वासरू मागे राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. "डॉक्टरांची लेक हाय म्हणून आलोय," म्हणाले होते.

मी त्यांना सांगितलं, अंडी कमजोर होती. ते म्हणाले, "व्हय, लय थकलीया. तिनं तरी किती द्यायचं?" आणि मलाच चहा पाजला. संक्रांतीच्या सुमारास गाय गेली.

लिहिता लिहिता लक्षात आलं, हे पत्र खरं तर मामांना जायला हवं. त्यांचा पत्ता आहे माझ्याकडे. तुमचा नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.