दुकानातलं रिकामं स्टूल

४ फेब्रुवारी

चि. शहाणीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नीतिशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलीचं अक्षर इतकं वाईट असावं, हीच मुळात अनीती. तुझे बाबा अजून कुरकुरतात, की बरं-वाईट घरीच फुकट शिकवलं होतं, त्यासाठी आणखी दोन वर्षं कशाला. रक्तदाब मोजायची मशिनं दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली, मलाही हा प्रश्न पडतोच.

म्हणून एक कोडं घालते. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं माझ्यासारखंच दुकान आहे. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन त्या एका मूळ मीटरशी जुळवून पाहतात. ते मूळ मीटर दर सोमवारी पाऱ्याच्या नळीशी ताडून वहीत सही करायची असते. बाई मात्र पहिल्या तारखेलाच महिन्याच्या सगळ्या सह्या ठोकून मोकळ्या होतात. परवा कळलं, मीटर रक्तदाब दहाने कमी दाखवतंय. त्यावर जुळवलेली तेवीस मशिनं इस्पितळात जाऊन महिना झाला. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. एकेक मशीन दुरुस्तीला परत येतंच, तेव्हा गुपचूप नीट करता येईल. तोंड उघडलं तर तीस वर्षांचं नाव मातीत जाईल. बोल, बाईंनी काय करावं? एकीकडून असं आणि दुसरीकडून तसं, असलं उत्तर मला नको.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, अक्षर सुधारलंस तर वाढेल.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

त्या बाई म्हणजे तूच. महिन्याच्या सह्या एका दमात उरकल्याची फुशारकी तुझ्याशिवाय कोणी मारलेली मी ऐकलेली नाही. राग नाही आला, काळजी वाटली.

तयार उत्तर माझ्याकडे नाही, आणि इथे ते कोणी देतही नाही. आम्ही वर्गात सहा जण आणि खुर्च्या सात. ज्याच्याबद्दल ठरवायचंय आणि जो खोलीत नाही, त्याची सातवी. आपलं मत मांडण्याआधी प्रत्येकाने त्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या वतीने बोलायचं. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. आता तिथे बसायचं तर आदल्या रात्री तयारी करते. तुला आठवतं, घरात वादात मी सगळ्यांना गारद करायचे. हल्ली समोरच्याचं म्हणणं आधी नीट ऐकून घेते, आणि चुकले तर चुकले म्हणते. आतापर्यंतची कमाई म्हणशील तर एवढीच, बाबांना सांग.

तुझ्या दुकानात एक जास्तीचं स्टूल आहे ना? त्यावर बसून बघ. तू काहीही ठरवलंस तरी मी तुझीच. तोवर मला झोप नाही, तेव्हा उत्तराला उशीर करू नये, ही विनंती.

तुझी शहाणी

२ मार्च

चि. शहाणीस अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

स्टुलावरची खोकी उतरवली आणि बसले. वेडेपणाच वाटला. मग शेजारची शिवणकाम करणारी आठवली. जानेवारीतच ती हसत सांगून गेली होती, की इस्पितळात रक्तदाब चांगला निघाला, डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मीही खूश झाले होते. स्टुलावरून उठले ती तडक इस्पितळात.

मुख्य नर्सला सगळं सांगितलं. मीटरचं सांगणं सोपं गेलं, सह्यांचं जड गेलं. तिने वही मागून घेतली. तेवीस मशिनं त्याच दिवशी बाजूला काढली, त्यांवर तपासलेल्या रोग्यांना परत बोलावलं. अकरा जणांच्या गोळ्या बदलल्या. चौकशी संपेपर्यंत तिथलं काम माझ्याकडे नाही. नाव जायचं तेवढं गेलं. आता दर सोमवारी मीटर ताडते आणि एकच सही करते.

तुझ्या बाबांनी विचारलं, हा सल्ला कोणाचा. म्हटलं, सल्ला कोणीच दिला नाही, तुझ्या मुलीने मला फक्त एका जागी बसवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि तुझी परीक्षा कधी आहे ते विचारलं. पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो.

काल शिवणवाली दुकानात आली. मशीन चुकीचं दाखवत होतं, हे तिला कळलं होतं, चूक कोणाची एवढंच माहीत नव्हतं. माझी, असं मी सांगितलं. ती त्याच स्टुलावर बसली. मग बाही वर सारून हात पुढे केला आणि म्हणाली, आता तुम्हीच मोजा.

मशीन पाऱ्याशी ताडून घेतलं आणि दोनदा मोजलं.

लोभ वाढलाय, अक्षर तसंच असलं तरी.

तुझी आत्या