पीडित महिलेचे नाव : अरविंद श्रीपत

महाड,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दाजींना अरविंदचा मनापासून जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? उजवा दुखतो की डावा, यात माझा नेहमी घोटाळा होतो, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. सरिताताईची साखर आटोक्यात असेलच, कारण तुमच्या घरात गोडाचे डबे तुमच्या कपाटात असतात असं तीच सांगत होती. इकडे आम्ही ठीक. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. आता तिला गावी, कापड्याच्या घराच्या ओटीवर बसून पलीकडच्या बांधावर चरणारी बकरी नेमकी कुणाची ते दिसतं, आणि त्यापायी आठवड्यात दोन भांडणं झाली आहेत. डॉक्टर म्हणतात, नजर उत्तम आहे.

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना हे पत्राचं खूळ काय? तर दाजी, फोनवर तुम्ही हसता. तुम्ही हसलात की मीही हसतो, आणि सांगायचं राहून जातं. कागदावर एक सोय आहे, की तुम्ही तिकडे कितीही हसलात तरी माझं वाक्य पुरं होतं.

प्रकरण तुम्हाला अर्धं माहीत आहे, पण ते मी सुरुवातीपासून सांगतो. आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये हातमोजे, गमबूट, मास्क, नटबोल्टचे पाने आणि मी एवढा माल असतो. सप्टेंबरात आमच्या विभागाच्या प्रमुख म्हणून पुण्याहून तेजश्री मॅडम आल्या. वयाने माझ्याहून लहान, कामात अतिशय हुशार (हे लिहिलंच पाहिजे, तीन वर्षं सापडत नसलेले गमबूट त्यांनी तीन दिवसांत शोधून काढले, ते माझ्याच टेबलाच्या मागे होते). पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या की अरविंद, तुमच्या मिशा फार रुबाबदार आहेत. दाजी, बावीस वर्षं मी या मिशा बाळगल्या, पण त्यांच्याबद्दल चांगला शब्द काढणारं हे पहिलं माणूस. (आम्रपाली बायको असून त्यांना केरसुणी म्हणते.) त्याच संध्याकाळी मी सलूनमध्ये जाऊन मिशांना कलप लावून घेतला. चार दिवस मी अगदी खुशीत होतो. आरशासमोर शीळसुद्धा घालत होतो म्हणे. हे मी स्वतःहून कबूल करतो, कारण पुढे चौकशीत हा कलप निघालाच.

मग एकदा त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि उचलायला विसरल्यासारखा तिथेच राहिला. मग हमालांसमोर गाल ओढणं सुरू झालं. मी चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, माझी मुलगी बारावीला, आणि माझा गाल कुणीतरी बारशाला बाळाचा ओढावा तसा ओढला जातोय! मग एके दिवशी मी शिडीवर चढून वरच्या फळीवरचे खोके मोजत होतो, तर खालून कमरेवर हात आला. मी म्हटलं, मॅडम, मी पडेन. त्या म्हणाल्या, पडा की, मी आहे ना. हमाल हसले आणि मीही हसलो. दाजी, या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या माझ्या हसण्याची.

मी टाळायला लागलो. त्या आल्या की मी रॅकच्या दुसऱ्या बाजूला. भर दुपारी गळ्याभोवती मफलर, म्हणजे गाल निम्मे झाकले जावेत. (महाडच्या हवेत मफलर घालणारा इसम एक तर आजारी असतो किंवा काहीतरी लपवत असतो. कंपनीच्या डॉक्टरने दोन्ही शक्यता तपासल्या.) टेबल आणि खुर्ची यांच्यामध्ये मी बंद छत्री आडवी ठेवायला लागलो. तिचा फायदा एवढाच झाला, की मीच तिला दोनदा अडखळून पडलो. शेवटी एकदा धीर करून म्हणालो, 'मॅडम, हे मला आवडत नाही.' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखादा गमबूटच बोलला. त्या दिवसापासून माझी साप्ताहिक सुट्टी दोनदा रद्द झाली. आईच्या ऑपरेशनसाठी मागितलेली रजा नामंजूर झाली. आणि शिपायाहाती निरोप आला की वार्षिक मूल्यमापनाचा माझा कागद मॅडमच्या टेबलावर आहे, आणि गुजरातच्या युनिटला एक स्टोअर क्लार्क हवा आहे. तेव्हा मात्र मिशीखालचं हसू गेलं.

मग मी पॅकिंगमधल्या कुशाबाला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, 'नशीब लागतं रे अरविंदा! मला तर बायको पन गालाला हात लावू देत नाय.' त्यानंतर मी, नीट विचार करून, तुम्हाला फोन केला. का, तर तुम्ही कल्याणच्या पीडित पुरुष मंचाचे उपाध्यक्ष. तुमचे रोज सकाळी येणारे संदेश मी वाचतो, 'पुरुषा, जागा हो' हे सहाला आणि 'पुरुषालाही अश्रू असतात' हे साडेसहाला. मला वाटलं, माझा माणूस मोठ्या जागी बसलाय. तुम्ही इतके हसलात की मागून ताई विचारायला आली, कोण गेलं म्हणून. (तिला लांबून ते रडणं वाटलं.) आणि हसू आवरल्यावर तुम्ही म्हणालात की मेव्हणे, आपला मंच हा बायकोकडून होणाऱ्या त्रासापुरता आहे, दुसऱ्या बाईकडून होणारा त्रास आपल्या घटनेत बसत नाही, उलट सभासद नाराज होतील. मी सॉरी म्हणून फोन ठेवला. म्हणजे त्रास मला, आणि सॉरीही माझंच.

त्यानंतर मी जो उपाय केला तो ऐकून तुम्हाला हसायची परवानगी आहे. मी मिशा काढून टाकल्या. म्हटलं, मूळच उपटावं. पण माझा चेहरा उघडा पडला तो नुकत्याच सोललेल्या रताळ्यासारखा, आणि मॅडमना तो जास्तच गंमतीचा वाटला. रविवारी आम्रपालीला स्कूटरवर मागे बसवून कापड्याला आईकडे गेलो, तर आईने त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी दारातूनच पाहिलं आणि हंबरडा फोडला, 'कोन गेला रे? माझ्यापास्नं का लपवलास?' तिची समजूत घालायला तास गेला. (शेजारच्या आवडीकाकी तेवढ्यात भाकरी घेऊन आल्या, त्या परत कुठे नेणार, म्हणून आम्ही जेवलो.)

परत येताना पोलादपूरच्या अलीकडे आम्रपालीने मला स्कूटर बाजूला घ्यायला लावली. उतरली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, 'मिशा का काढल्यात ते खरं सांगा. वर्गात चोरी करून आलेली पोरं मी रोज बघते.' मी रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं. कलपासकट. ती हसेल याची वाट बघत मी मध्येच एक विनोदही केला. ती हसली नाही.

'हे माझ्या शाळेत माझ्याबाबतीत झालं असतं, तर तुम्ही किती दिवस गप्प बसला असतात?'

'अर्धा दिवससुद्धा नाही.'

'मग स्वतःच्या वेळी चार महिने?'

दाजी, खरं सांगतो, तिथे रस्त्याकडेला मला रडू आलं. एक एस.टी. गेली, त्यातल्या लोकांना वाटलं असेल स्कूटर बंद पडली म्हणून माणूस रडतोय. मीही तसाच चेहरा केला.

सोमवारी मी छेडछाडीच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीच्या प्रमुख अनुपमा मॅडमकडे गेलो. आता इथे माझं जुनं पाप सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी याच अनुपमा मॅडमनी कँटीनमध्ये आम्हाला या समितीची माहिती दिली होती, तेव्हा मी हात वर करून विचारलं होतं की पुरुषाला असा त्रास झाला तर पेढे कुणी वाटायचे. सगळं कँटीन हसलं होतं आणि मला वाटलं होतं, आज आपण काय छान बोललो. तोच मी आता त्यांच्यासमोर तक्रारीचा अर्ज मागत उभा. अर्जावर छापलेलं, 'पीडित महिलेचे नाव'. मी माझं नाव घातलं. खाली 'पतीचे नाव' होतं, तिथे बराच विचार करून 'आम्रपाली' लिहिलं. बाकी रकाने घामाने भरले.

अनुपमा मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला. मी पेढ्यांची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, 'कायद्यात तुम्ही बसत नाही, अरविंद. त्यात महिला असाच शब्द आहे. पण कंपनीच्या नियमांत कर्मचारी असा शब्द आहे आणि तुम्ही कर्मचारी आहात.' आणि त्यांनी लाल पेनने 'महिलेचे' खोडून वर 'कर्मचाऱ्याचे' असं लिहिलं. एवढंच. पण मला त्या क्षणी नोकरीत कायम केल्यासारखं वाटलं.

समितीत बाहेरच्या सदस्य म्हणून पोलादपूरच्या चंपाबाई आहेत. तीस वर्षं गावोगाव बायकांची गाऱ्हाणी ऐकत हिंडलेली बाई. मला वाटलं, ही मला उभा जाळणार. मी बोलायला लागलो आणि पहिलंच वाक्य निघालं की कदाचित माझंच काहीतरी चुकलं असेल, मी कलप लावला होता. चंपाबाईंनी हात वर केला. 'थांब बाबा. पयलं वाक्य सगळ्यांचं ह्येच असतं. मी साडी नेसले होते, मी हसले होते, मी पावडर लावली होती. तुजा कलप. आता दुसऱ्या वाक्यापास्नं सांग.' दाजी, मी दुसऱ्या वाक्यापासून सांगितलं आणि दीड तास सांगितलं.

तेजश्री मॅडमचं म्हणणं, ही सगळी थट्टा होती आणि मी स्वतः हसत होतो. दोन्ही गोष्टींत थोडं खरं आहे, हीच पंचाईत. तूर्त समितीने मला डिस्पॅचला हलवलं, मूल्यमापनाचा कागद दुसऱ्या साहेबांकडे दिला आणि रजा मंजूर केली, म्हणून तर आईला बकरी दिसते. पण अंतिम निर्णयाला पुरावा हवा आणि हमाल काही बोलायला तयार नाहीत. त्यांनाही पोटं आहेत. मिशा परत येतायत, पण अर्ध्या पांढऱ्या. आता असू देत.

ताईला आणि भाच्यांना आठवण सांगा. गुडघ्याला (दोन्ही) शेक द्या.

तुमचा मेव्हणा,
अरविंद

ता. क. : ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. डिसेंबरात तुम्ही दोघं आमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनाला आला होता. तेव्हा तेजश्री मॅडमनी मला कमरेला धरून नाचायला ओढलं, मी दोनदा सुटून आइस्क्रीमच्या टेबलामागे लपलो आणि दोनदा पकडला गेलो. हे सगळं तुम्ही मोबाइलवर घेतलंत आणि 'मेव्हण्याची चैन' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलंत. खाली हसणारे अकरा चेहरे होते, त्यातला एक माझाच. ती मूळ फीत तारखेसह मला हवी आहे.

ता. क. दुसरा (गुरुवार सकाळ, टपालात टाकण्याआधी) : फीत पाठवू नका. आम्रपालीने ताईला फोन करून सगळं सांगितलं आणि ताईने काल दुपारीच तुमच्या मोबाइलवरून ती तिला पाठवली. खाली लिहिलं होतं, 'मी तिथेच खुर्चीवर होते. माझ्या भावाचा चेहरा मला तेव्हाच दिसायला हवा होता.' त्यामुळे आता तुमच्याकडे एकच काम उरतं. शुक्रवारी, २१ तारखेला, सकाळी अकराला महाडला साक्षीला या. मी चंपाबाईंना सांगितलं की आमचे दाजी त्या दिवशी पोट धरून हसत होते, ते कसली साक्ष देणार. त्या म्हणाल्या, 'त्यालाच आन. हसनाऱ्यानं सगळ्यात नीट बघितलेलं असतं.'