दामूबुवांचा शिष्य

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! संगीतशाळेचं माहितीपत्रक छापायचं ठरलं. कोणता शिक्षक कुणाकडे, किती वर्षं शिकला — सगळं फोटोसकट. दिव्या माझीच विद्यार्थिनी, आता शाळा तीच चालवते. हसत म्हणाली, "सर, तुमचा काय इचारूचा? पेडण्याचे दामूबुवा, सहा वर्सा. माका पाठ आसा!"

पाठ मलाही आहे. शाळेत कविता चालीवर म्हणायचो, तसं हे वाक्य पन्नास वर्षं म्हणतोय. चाल एकदा बसली की अर्थाकडे कोण बघतो?

४ नोव्हेंबर

दिव्याचा फोन. "सर, तुमचो गुरुबंधू गावलो! धनेश नावाचे गायक. आपल्याकडे गाणा शिकवूक येतले. तेय दामूबुवांचेच शिष्य! शनिवारी भेटा."

"बरं," म्हटलं. संध्याकाळी पेटी उघडलीच नाही.

६ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहावं. दामूबुवांकडे मी एक दिवसही शिकलो नाही.

विसाव्या वर्षी शिरोड्याहून आरोंद्यापर्यंत सायकल, मग होडीनं खाडी ओलांडून पेडणे. त्यांच्या कुंपणामागे फणसाखाली, पावसातही भिजत उभा राहायचो. आत तानपुरा लागायचा, पेटीचे सूर निघायचे, आणि मग तो आवाज — भरतीच्या पाण्यासारखा, न सांगता चढत जाणारा! अजून कानात आहे. पण पायरी चढायचं धैर्य झालं नाही. एकदाही नाही. ऐकायचं आणि परतीची होडी धरायची.

पेटी हाताला लागली ती गावच्या डबलबारीत, दोन भजनी मंडळ्यांच्या सामन्यात. समोरचा भजनी बुवा टोमणे मारतोय, आपला बुवा उत्तर देतोय, आणि मी दोघांच्या मध्ये सूर सांभाळतोय! वाईट काय होतं त्यात? पण मथुराच्या वडिलांनी विचारलं, "पेटी खंय शिकलास?" — आणि तोंडातून दामूबुवा निघाले. लग्न जमलं. पुढे संगीतशाळेतला पेटीचा वर्गही त्याच नावावर.

आज मथुरा म्हणाली, "अवो, ताटात बघा! गुरुबंधू येतलो म्हणान भूक गेली? त्यांका जेवूक घेऊन येवा. बुवांच्या घरातल्यो गजाली माकाय ऐकाच्यो आसत."

ताट सारून उठलो.

७ नोव्हेंबर

दिव्याला सांगून टाकावं? फोन उचलला. ठेवला. सत्तरी उलटलेल्या माणसानं कोणत्या शब्दांत सांगायचं हे?

८ नोव्हेंबर, शनिवार

धनेश आला. पन्नाशीचा, झब्बा कडक इस्त्रीचा. सगळे शिक्षक जमलेले. मी भिंतीला टेकून उभा — आता विचारील, कोणत्या साली होतात, शेजारी कोण बसायचं...

तो सरळ माझ्या पाया पडला! "मास्तर, बुवा तुमचा नाव काढीत! 'शिरोड्याचो परशुराम — तसो कान परत गावलो नाय,' म्हणत."

टाळ्या. दिव्याचे डोळे भरले. माझेही!

म्हणजे बुवांना मी दिसत होतो! कुंपणापलीकडचा तो ओला पोरगा त्यांनी आपला मानला होता! पन्नास वर्षं खोटं समजून जे बोललो, ते खरंच होतं की काय?

दुपारी धनेश आमच्याकडे जेवला. मथुरानं बांगड्याचं तिखलं केलं. तो बुवांच्या गजाली सांगत होता, ती माझ्याकडे बघत होती. लग्नात बघितलं होतं तशी.

९ नोव्हेंबर

दाढी करताना हात थांबला.

बुवांना मी माझं नाव कधी सांगितलंच नव्हतं.

धनेशचं नाव तरी त्यांना ठाऊक होतं का, की तोही कुंपणाबाहेरचाच?