ओळखीचा पेनड्राइव्ह

३ नोव्हेंबर, सोमवार. धारूर

कॉम्प्युटर आजारी पडला तर त्याला नेमकं दुखतं कुठं? सकाळी कडा गावच्या स्टँडवर माझी बॅग एसटीत चढवता चढवता आईने हे विचारलं. बी.एस्सी. कॉम्प्युटर, पहिला वर्ग, आमच्या घराण्यातली पहिली पदवी, आणि आईच्या, बायनाबाईच्या, एका प्रश्नापुढे गप्प. आईचं म्हणणं, मेंढराचं बरं असतं, कान धरला की ताप कळतो, तुझ्या मशीनचा कान कुटं अस्तो? अख्खी एसटी हसली. मीही हसले. अजून विचार करतेय.

बीडला गाडी बदलून दुपारी पोचले. किल्ल्याच्या उतारावर मुलींचं वसतिगृह आहे. चौदा मुली, सगळ्या कॉलेजच्या. पुण्याच्या एका ऑफिसने जुने चौदा लॅपटॉप दान दिलेत. ते नीट ठेवायचे, मुलींना शिकवायचं, हे माझं काम. माझ्या खोलीत खिडकीजवळ टेबल, तिथे बसलं की पाठीमागे भिंतभर फळी. दिवसा लॅपटॉप त्या फळीवर चार्जिंगला असतात, संध्याकाळी मुली आपापल्या खोलीत नेतात.

वसतिगृह वच्छलाबाई सांभाळतात. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, मेंढरं राखणाराची पोरगी मशीनं राखाय आली, झाक झालं, मोजून घ्यायची सवय तर आसंल. मग स्वतःच्या हाताने चहा दिला. मला इथे आवडणार आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

मशीन वाईट नाहीत, पण दमलेली आहेत. पंखे घरघरतात, वायफाय मध्येच सुटतं, तीन मशीनचा पडदा आपोआप विझतो. फर्मवेअर जुनं झालंय, हे उघड आहे. आज पहिल्याच तासाला मुलींना समजावलं, की मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो तो फर्मवेअर, विंडोज त्याच्यानंतर. आणि वायफाय, कॅमेरा अशा एकेका भागाला चालवणारे छोटे प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. दोन्ही घ्यायचे ते मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून. मॉडेल नंबर जुळवून. आणि अपडेट होईपर्यंत मशीन चार्जरला लावून ठेवायचं. हे तीन नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले. स्वप्नाली नावाची मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, ताई, नवरा बघतानाबी लोक येवढी चौकशी करत न्हाईत. वर्गात दोन मिनिटं कुणी कुणाचं ऐकेना.

हीच स्वप्नाली वर्गात सगळ्यात हुशार आहे. तिसऱ्या वर्षाला आहे, तीस तारखेला तिची तलाठ्याची परीक्षा. वडील अंगदराव, ती त्यांना आबा म्हणते, त्यांच्या गावचे सरपंच, पन्नास एकरांचे धनी. वच्छलाबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, की पोरीचा फोटो कुठं दिसता कामा नये, या एकाच अटीवर त्यांनी तिला इथे ठेवलंय. वसतिगृहाच्या गणपतीच्या फोटोतसुद्धा ती नाही. फोटो दिसला की त्याच दिवशी गाडी येणार आणि महिन्याच्या आत लग्न. स्थळ बघूनच ठेवलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस कंपनीच्या साइटशी झगडतेय. साइट सापडली, मॉडेल जुळलं, फाइलही हवी तीच आहे, पण इथलं नेटवर्क म्हणजे घाटातली एसटी, शेवटच्या चढाला बंद पडणार. आज सहा वेळा ऐंशी टक्क्यांवर तुटलं.

शोधताना वरच्या वर दुसरीच साइट येते. हिरवंगार मोठं बटन, सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये, कुठलंही मशीन चालेल. मी दाबलं नाही. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, आणि सगळ्यांना एकच औषध देणारा वैद्य कसला? दाबलं नाही याचा मला अभिमान वाटला, तो इथे लिहून ठेवते.

वच्छलाबाईंनी त्रिंबकमामांना बोलावलं. बाजारात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षांचं. एकदम साधा माणूस. चपला दाराबाहेर काढून आले. त्यांच्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधलेला, दसऱ्याला त्याची पूजा होते. म्हणाले, धारूरातल्या निम्म्या मशीनी याच्यावर चालत्यात लेकी, नेटफिट कशाला लागतंय. मी जरा घुटमळले, तर वच्छलाबाई म्हणाल्या, कावून गं, माणूस आपला हाय, परका हाय का? मला माझीच लाज वाटली. घेतला.

९ नोव्हेंबर, रविवार

चौदाच्या चौदा झाले. पंखे गप्प, वायफाय टिकतंय. वच्छलाबाईंनी गुळाचा शिरा केला. कॉलेजच्या सरांचाही निरोप आला, त्यांच्या लॅबमधली चाळीस मशीनही मी अशीच करून द्यावीत. चोवीस तारीख ठरली. आईला फोनवर सांगितलं, दुखणं बरं केलं. आई म्हणाली, दृष्ट काढून टाक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

किरकोळ गोष्ट आहे. कॅमेऱ्याशेजारचा पांढरा दिवा अधूनमधून लागतो. कुणी कॅमेरा वापरत नसताना. मुलींनी तीन-चार वेळा सांगितलं. ड्रायव्हर नवा आहे, होत असेल असं.

वच्छलाबाईंनी त्यावर आपला उपाय काढला, सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर एकेक टिकली. चौदा मशीन, चौदा टिकल्या, लाल, हिरव्या, एक चंद्रकोर. स्वप्नालीने हळदीकुंकवाचं गाणंही म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फळीवर सगळ्या टिकल्या गळून पडलेल्या. चौदाही. मशीन गरम होती, हात ठेववेना. टिकल्यांच्या गडबडीत काल रात्री ती फळीवरच राहिली होती, मी स्वतः बंद करून ठेवली होती. उष्णतेने गोंद सुटला असणार. पण बंद मशीन गरम का होतील?

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्वप्नालीचं मशीन पूर्ण पुसलं. नवं विंडोज घातलं. जे काही होतं ते गेलं असणार. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली, मराठीत.

स्वप्नाली, अपडेट चालू आहे. मशीन चार्जरला लावून ठेवा.

मशीन कोरं होतं. त्यात तिचं नाव कुणीच टाकलेलं नव्हतं. नेटही जोडलेलं नव्हतं.

म्हणजे ते विंडोजमध्ये नाहीच. त्याच्या खाली आहे, सगळ्यात आधी जागं होणाऱ्या जागी. तिथे मीच बसवलंय ते, माझ्या हाताने, एकेक करून.

आमच्याकडे बाजारातून आणलेलं मेंढरू कळपात लगेच सोडत नाहीत. एकवीस दिवस वेगळं बांधतात. आणणारा सख्खा भाऊ असला तरी माझे वडील, दादा, विचारतात, कुणाच्या वाड्यातलं, कुणाच्या कळपातलं? मी त्या पेनड्राइव्हला हे विचारलं नाही. माणसाकडे बघितलं, लाल दोऱ्याकडे बघितलं, आणि अख्ख्या कळपात सोडलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

त्रिंबकमामांच्या दुकानात गेले. मुलींना अजून काही सांगितलेलं नाही, आधी खात्री करायची होती. फाइल तपासली. खऱ्या फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बघितलं की दिसते. ही फाइल उघडली, तर सहीचं पानच नाही. हे मी आठ तारखेला एका मिनिटात बघू शकले असते.

मामांना विचारलं, ही फाइल आली कुठून. ते आधी चिडले, मी काय चोर हाय का म्हणाले. मग आठवत बसले. मग सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात जुना पेनड्राइव्ह खराब झालता, तवा नेटवरून नवीन भरून घेतलं. पयलंच आलतं. हिरवं बटन व्हतं मोठं.

मी खाली बसले. मामांनी पाणी आणून दिलं. वीस वर्षांत कुणाचा स्क्रू इकडचा तिकडं केला न्हाई लेकी, असं दोनदा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. माणूस खरा आहे, हेच तर—

त्यांच्या काउंटरवरच्या लॅपटॉपचा पांढरा दिवा आम्ही बोलत होतो तोवर लागलेला होता. मी झाकण मिटलं. आत पंखा फिरतच राहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी स्वप्नालीच्या मशीनवर चौकट आली, ती कॉलेजला होती, मी एकटी. उघडा, असं लिहिलेलं. उघडलं.

चौदा फोल्डर. मुलींच्या नावांचे, मराठीत. आत फोटो. अभ्यास करताना, जेवताना, वेणी घालताना, पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली. स्वप्नालीचे सगळ्यात जास्त. एकात ती रडतेय, कुणालाही न सांगता रडलेली.

पंधरावा फोल्डर माझ्या नावाचा. मी टेबलाशी, पाठमोरी. खांद्यावरून काढलेला. फळीवरून. वहीची पानं दिसतात. मोठं केलं की अक्षर लागतं.

ही वही.

मग खाली ओळी आल्या, एकेक करून, कुणीतरी टाइप करत असल्यासारख्या. चोवीस तारखेला कॉलेजच्या चाळीस मशीनला हाच पेनड्राइव्ह लावा. कुणाला सांगू नका. नाहीतर स्वप्नालीचे फोटो तिच्या वडिलांच्या फोनवर जातील. नंबर आहे आमच्याकडे.

खाली खरंच नंबर होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वही आता संडासात बसून लिहितेय. मशीनच्या चार्जरच्या वायरी काढल्या. मशीन पोत्यात भरली, वर गोधडी. मुलींना सांगितलं, दुरुस्ती चालू आहे. स्वप्नालीने विचारलं, ताई, धा दिवसांवर परीक्षा आन् मशीन कावून काढून घेतलं? मला तिच्याकडे बघता येईना.

चाळीस मशीन. म्हणजे आणखी किती मुली? आणि त्या घरी नेतील तेव्हा—

पेनड्राइव्ह लावला तर स्वप्नाली तरी वाचते. तीस तारखेपर्यंत तरी. मी असा विचार केला. लिहून ठेवते की केला.

पोत्यातून आवाज येतोय. पंख्यांचा. बॅटरी कधीच संपायला हवी होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वच्छलाबाईंना सांगितलं. आधी त्यांना कळेना, मग एकदम कळलं. मला शिव्या देतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, त्याला आत मीच घेतलं, माणूस आपला म्हनून. आणि पदर तोंडाला लावला.

मग स्वप्नालीला. सगळं. तिचा रडतानाचा फोटोही आहे, हेसुद्धा.

तिने विचारलं, तो पेनड्राइव्ह लावला असता तर मी वाचले असते का. मी म्हटलं, कदाचित काही दिवस. ती म्हणाली, मग आबांला माझ्या तोंडून कळू द्या, त्याच्या न्हाई.

दुपारी सायबर पोलिसांकडे अर्ज दिला. त्यात पहिली ओळ, की चौदा मशीनवर फाइल मी बसवली. नाव, सही. कॉलेजच्या सरांना निरोप, तो पेनड्राइव्ह कुणीही लावू नका. बाकीच्या तेरा जणींना सांगितलं. दोघी लगेच घरी गेल्या. एकीने मला जे म्हटलं ते बरोबरच होतं.

फक्त अंगदराव राहिले.

परत आले तर फळ्यावर माझे तीन नियम तसेच. खाली चौथी ओळ. खडूने.

सांगू नका.

वच्छलाबाईंनी लिहिली नाही. मुलींनी नाही. विचारलं सगळ्यांना.

खडूने—

२२ नोव्हेंबर, शनिवार, साडेअकरा

स्वप्नालीच्या गावी, त्यांच्या ओसरीवर. ती शेजारी. तिचा हात माझ्या हातात.

सांगून झालं. तीच आधी बोलली, मग मी. चूक माझी, पोरीची नाही, हे तीनदा. परीक्षा तीस तारखेला, हेही. अंगदराव उठून आत गेले.

आत फोन वाजला. मेसेजचा आवाज.

परत.

परत. थांबतच नाही—

स्वप्नाली म्हणते, ताई, लिहू नका, बघा—

ते दारात आलेत. फोन हातात. पडद्यावरच्या तिच्या फोटोकडे बघतायत, मग तिच्याकडे. चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. जे यायचं ते येऊ दे, त्याच्या आधी मी सगळं सांगून टाकलंय, आता ते—