चौथं चाक

शनिवार, दिवेलागण. इस्लामपूर

आज मी घोळ घातला. उद्या अब्बांचा सत्कार आहे, मेल गाडीचे जुने ड्रायव्हर म्हणून. त्यांनी नोकरीत असताना बनवलेलं पितळी इंजिन स्टेजवर ठेवायचं ठरलं. पण ते मालगाडीचं, एका बाजूला चार मोठी चाकं. मेलच्या इंजिनाला तीनच. जाणकार हसतील म्हणून दुपारी लेथवर नेऊन एक जोडी काढली, पुढं मेलच्या इंजिनासारखं गोल नाक बसवलं. अब्बांना विचारलं नाही.

त्यांना आता दिसत नाही. रोजच्यासारखं इंजिन मांडीवर घेऊन चाकांवरून बोट फिरवलं. तिसऱ्यावर थांबले. परत पहिल्यापासून.

"चौथं कुठं हाय रं?"

चौथं माझ्या खिशात होतं.

"अब्बा, मेलला तीनच असतात. तुमी मेलवरच होता नव्हं?"

त्यांचं बोट त्या रिकाम्या जागेवर फिरलं. असं का विचारलं मी? लहानपणापासून मेलच्याच तर गोष्टी ऐकल्या!

"व्हय," शेवटी म्हणाले. "तीनच."

मी उठलो, तर मनगट धरलं.

"चाकं टाकली न्हाईस नव्हं? उद्याचं आटपलं की माझं मालगाडीचं इंजिन मला परत दे."