पांढऱ्या दाण्यांचा दगड

मुंतिलान,
३ ऑगस्ट १९८६

ती. पाकदे यांना,
गुडघे टेकून तुमच्या पुतणीचा, वुर्यांतीचा नमस्कार. बुदेकाकूलाही सांगा.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की पुतिह नदीतून मी निवडलेला दगड घट्ट आहे, त्याला एकही भोक नाही. ते चुकीचं होतं. दगड ओला होता आणि पुराबरोबर आलेल्या बारीक राखेने त्याची भोकं बुजली होती. घरी आणला, वाटणाच्या कोबेकचा खोलगट भाग अर्धा कोरून झाला, उन्हात वाळला, आणि राख झडून आत सगळी जाळी दिसली. आईच्या, इबूच्या हातच्या आपेम घावनाला पडते तशी. आपेमला ती शोभते. मिरच्या वाटायच्या दगडाला नाही.

आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याला घरच्या पाथरवटीची छिन्नी हवी त्याने स्वतः दगड निवडायचा, कोबेक घडवायचा आणि त्यावर वाटलेलं मिरचीचं सांबल मोठ्यांनी खायचं. कुणाच्या दाताखाली कच लागली की छिन्नी नाही. दादा पास झाला. मुलगी म्हणून मीच पहिली. बापकने लेकीपायी कबूल केलंय, पण अट घातली आहे, की जमलं नाही तर पुढच्या महिन्यापासून मी गावच्या कचेरीत टंकलेखनाला बसायचं. त्यांचं म्हणणं असं, की या घरात पहिल्यांदा कुणी बारावी झालं, ते काय दगडाची धूळ खायला?

दादा म्हणतो, भातात दगडाचा भुगा कालवून भोकं बुजव, वरून धूर दे. आजोबांना काय कळतंय, त्यांना दिसतंय कुठे! मी तसं करणार नाही. पण बापकला सांगायचंही धैर्य होत नाही. त्यांनी सगळ्या बाजारात माझ्या दगडाची तारीफ केली आहे.

त्या दिवशी नदीत आणखी एक दगड होता. पांढऱ्या दाण्यांनी भरलेला, म्हणून सोडला. असे दाणे सुटून सांबलात येतात असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पाकदे, तुम्ही इतकी वर्षं मेरापी ज्वालामुखीच्या पहाऱ्यावर आहात. एकाच डोंगराचे दोन दगड इतके वेगळे कसे?

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
तुमची वुर्यांती

*

पहाऱ्याची चौकी,
१० ऑगस्ट १९८६

चि. वुर्यांतीस,
पाकदेचा आशीर्वाद. बुदे म्हणते पोरगी काळजीने वाळली असेल, तिला आधी जेवायला सांगा. तर आधी जेव.

डोंगर आज शांत आहे. माथ्यावर शेंडीएवढा धूर, बस्स.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर गुळाच्या कढईत आहे. समुद्राचा ओला तळ आपल्या जावाच्या पोटाखाली सरकत असतो. त्यातलं पाणी वर झिरपलं की एरवी न वितळणारा तापलेला खडकसुद्धा वितळायला लागतो. हा रस हलका, म्हणून वर चढतो, आणि डोंगराखाली एखाद्या पोकळीत थांबतो. तिथे तो सावकाश निवतो. काकवी बरेच दिवस हलवली नाही तर तळाला खडीसाखर धरते ना? तसे त्यात पांढरे दाणे वाढतात. जो रस कधी वर येतच नाही, तो तिथेच सगळाच्या सगळा दाणेदार होऊन बसतो. आपल्याकडचा मात्र वर येतो. वारा लागला की उरलेला रस झटकन थिजतो, इतका झटकन की त्याचे दाणे डोळ्याला दिसतही नाहीत. त्या घाईत आतली वाफ अडकली तर तुझी जाळी. म्हणजे तुझा दगड त्या रसाच्या प्रवाहाच्या वरच्या सायीचा. साय दुधावर चांगली.

तो दाणेदार दगड प्रवाहाच्या पोटातला, सायीखालचा असावा. दाणे आधी वाढले आणि रस मागाहून त्यांच्याभोवती आवळला. मग ते सुटावेत कसे? माझ्या समजुतीने सुटू नयेत. पण मी बसल्या जागी धूर मोजणारा माणूस, कोबेक घडवून मला जमाना झाला. ते तुझा हातच सांगेल.

भाताचा उद्योग करशील तर मी स्वतः येऊन कान धरीन. आणि तुझ्या बापाला भिऊ नकोस. माझाच धाकटा भाऊ आहे. लहानपणी पहिली छिन्नी पायावर पाडून त्याने असा गळा काढला होता की शेजारच्या गावाला डोंगर फुटला असं वाटलं.

खुशाली कळवत राहा, माया आहेच.
पाकदे

*

मुंतिलान,
२२ ऑगस्ट १९८६

ती. पाकदे,
गुडघे टेकून नमस्कार. जेवले. बुदेला सांगा.

बापकला सांगितलं. त्यांनी जाळीत अंगठ्याचं नख घातलं आणि आधी मला नाही, दगडालाच शिवी दिली. मग म्हणाले, रीत म्हणजे रीत. एक माणूस, एक दगड. पहिल्या तारखेपासून कचेरी. मी म्हटलं की रीत दगडाची नाही, दातांची आहे. सांबल अजून कुणी खाल्लंच नाही, तर नापास कशी? इबू पदराआड हसली. तिला हसताना पाहून आजोबा म्हणाले, पोरीच्या शाळेचे पैसे वसूल झाले, आणू दे दुसरा.

मी तोच पांढऱ्या दाण्यांचा आणला. तो पाहून बापक दाणे नखाने उकरू लागले. तुमची खडीसाखर त्यांना समजावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की पाकदे याची हमी घेतात का? मी खरं ते सांगितलं, की घेत नाहीत. ते म्हणाले, मग तू घे.

काल कोबेक घडवून झाला. या वेळी आधी वाळवला, मगच छिन्नी लावली. छिन्नी दाण्यावर आली की दाणा चिरतो, पण सुटत नाही. निदान अजून सुटलेला नाही. कच निघून जावी म्हणून त्यावर कोरडे तांदूळ वाटले. पहिलं पीठ राखाडी निघालं, दुसरं फिकट. आज सकाळचं पांढरं दिसलं, पण दाणेही पांढरेच, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नाही. चिमूटभर जिभेवर धरून पाहिलं, मऊ होतं. दादा म्हणतो, भीतीने तुझी जीभच बधिर झाली असेल.

मिरची आणि कोळंबीची वडी इबूने काढून ठेवली आहे. वाटायचं मात्र मी एकटीने. तुम्ही दोघं यावं ही विनंती, तुमच्या दातांवाचून पंगत पुरी होणार नाही. निकाल काही लागो, तुमची माया कमी होऊ देऊ नका.

बुधवार, आपल्या पाच वारांच्या चक्रातला लेगी, २७ ऑगस्ट, सकाळी सगळ्यांच्या देखत मी त्यावर सांबल वाटणार आहे.

तुमची वुर्यांती