ओल्याचं वजन

प्रिय ठमाबाई,

अक्षर शेजारच्या शिंपीणबाईंचं, बोलणं माझं. मध्येच वाक्य तुटलं तर समज, मी उठून ढब्बूकडे जाऊन आले. सकाळपासून सात फेऱ्या झाल्या. बाई म्हणतात, आजी, कुत्रा आजारी आहे की तुम्ही? हेही लिहा म्हटलं.

नोकरीच्या गावी जाताना तू मला तीनदा बजावलंस, ढब्बूची मूत्रपिंडं नाजूक झालीत, डॉक्टरांनी प्रोटीन कमी द्यायला सांगितलंय, पिशवीतलं कोरडं खाणंच घाल. मी हो म्हटलं. माझं हो कसं असतं ते तुला ठाऊक आहे. महिनाभर घातलंही. पण त्या गोळ्या बघून तो तोंड फिरवायचा आणि पथ्याच्या ताटावर बसलेल्या तुझ्या आजोबांसारखा माझ्याकडे बघायचा. मला तेव्हाही बघवलं नव्हतं.

मग दुकान गाठलं. अक्षर येत नसलं तरी आकडा येतो मला, तराजूने शिकवला. प्रोटीनचा आकडा कुठला तेवढं दुकानदाराला विचारलं. पिशवीवर सोळा, कच्च्या मांसाच्या डब्यावर तेरा. तेरा कमी. म्हटलं, नातीपेक्षा आजी शहाणी, पथ्यही राहील आणि जीभही. दीड महिना तेच घातलं. तो ताट चाटूनपुसून लख्ख करायचा, आणि मी तुला फोनवर सांगायचे, मजेत आहे.

मग तो पाण्यावर तुटून पडायला लागला. मग उलट्या, मग खाण्याकडे पाठ. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काय घालता विचारलं. मी ऐटीत डबा पुढे केला. म्हणाले, आजी, या डब्यात शंभरातले सत्तरहून जास्त भाग पाणीच आहे. पिशवीत पाणी जेमतेम दहा. दोन्हीतलं पाणी काढा आणि मग मोजा. पिशवीचे सोळा फार तर अठरा होतात, डब्याचे तेरा चाळिशी ओलांडतात.

ठमे, चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवली मी. कपडे वजनावर घ्यायचे. कुणी ओली चादर तराजूत टाकली की वाळवून आण म्हणून परत धाडायची. ओल्याचं वजन धरायचं नाही, हे कामाला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी सांगायचे. डॉक्टरांना हे सांगितलं नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.

थांब, आठवी फेरी.

पाणी चमच्याने पाजलं, अर्धं बाहेर आलं. दहा दिवस रोज सलाईन चढवून आणतेय. काल तू फोन केलास तेव्हाही मी मजेत आहे म्हटलं. तुझा आवाज आला की तोंडून खोटंच निघतं, म्हणून हे लिहून घेतेय. बाई याचा फोटो काढून आत्ताच तुला पाठवतील.

काल डॉक्टरांनी एक कागद दिला. त्याला त्रास न होता कायमचं झोपवायची परवानगी आहे त्यात, खाली सही. तुम्ही अंगठा दिलात तरी चालेल म्हणाले आणि शाई पुढे सरकवली. मी हात मागे घेतला. चूक माझी, पण कुत्रा तुझा. रविवारपर्यंत थांबतो म्हणाले. त्याआधी ये. मला बोलायचं ते खुशाल बोल, फक्त त्याच्यासमोर हळू बोल.

तुझीच,
आजी